फोटोपुढची उदबत्ती

बुदाई,
११ एप्रिल

प्रिय आ-हियोंग,

ताईचा आशीर्वाद. इकडे सगळे धडधाकट आहेत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुझ्या भाऊजींचा गुडघा पुन्हा सुजलाय, पण डॉक्टरकडे चला म्हटलं की हा माणूस तेवढ्यापुरता ताठ चालून दाखवतो. कालवं यंदा बारीक आहेत. दिवसभर अंगणात बसून फोडायची आणि संध्याकाळी बघायचं, बोटं सगळी जागेवर आहेत ना. छिंगमिंगला, पितरांच्या सणाला, बाबांच्या थडग्यावरचं गवत काढून आलो. तुझ्या वाटचंही मीच उपटलं. बाबा काही बोलले नाहीत.

आई बरी आहे.

बाजारात भाजीवाली अजून विचारते, "आमचा सुईबिंग कसा आहे गं?" तुझं खरं नाव तिला माहीतच नाही. तिच्यासाठी तू मालिकेतला तोच गुणी मुलगा, रोज रात्री आठ वाजता आईचे पाय चेपणारा. आपल्या आईचे पाय तू जन्मात एकदा तरी चेपलेस का रे? पण मी कशाला सांगतेय! मी म्हणते, बरा आहे, आणि ती दोन कांद्याच्या पाती जास्त टाकते. तेवढा तुझा उपयोग अजून होतो.

आता मस्करी पुरे. तुमच्या तुरुंगातल्या समाजसेविका बाईंचा फोन आला होता. फार मऊ बोलतात. म्हणाल्या, तो ताटाला हात लावत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असतो, आणि "मी गेलो तर सगळ्यांचीच सुटका" असं बोलला. माझ्या हातातला सुरा खाली पडला. आधी मी रडले आणि मग अशी संतापले म्हणून सांगू! समोर असतास तर एवढा नावाजलेला नट आहेस हे विसरून तुझ्या कानाखाली जाळ काढला असता. सुटका म्हणे! कुणाची?

तू कसा बुडालास ते मला कळतं. पेपरवाल्यांना वाटतं पैसा डोक्यात गेला. मी एकदा तुझ्या चित्रीकरणाला येऊन बसले होते ना, तेव्हा बघितलंय. सकाळी तोंडाला रंग लावत असताना संवादांचे कागद हातात येणार, शाई ओली. दुपारी ते म्हणत रडायचं, रात्री सगळा देश ते बघणार, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माणसाने झोपायचं कधी? कुणीतरी तुला सांगितलं, ही पूड ओढ, डोळे मिटणार नाहीत. तुझे डोळे खरंच मिटेनासे झाले. शेवटच्या नववर्षाला तू आलास तेव्हा आईचा विजेवरचा भाताचा कुकर तू अंगणात उघडून बसलास. एकेक स्क्रू पुसून ओळीने मांडलास, अख्खी दुपार, आणि शेवटी तो तुला जोडता येईना. आई कौतुकाने म्हणाली, "बघा, एवढा मोठा झाला तरी घरकामाची लाज नाही." ते त्या पुडीचं काम, हे कुणाला कळलं? आमच्या अकला तेवढ्याच. तो कुकर भाऊजींनी जोडला, पण भात खाली लागतो.

मग तू पकडला गेलास, आणि आपल्या अंगणात कालवांच्या शिंपल्यांवर कॅमेरेवाले उभे राहिले. एका पोराने आईच्या तोंडापुढे माइक धरला. आई काय बोलली ते तू टीव्हीवर बघितलंस, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर भेटीला आलेल्या मला तू तीनदा परत पाठवलंस. "मला मुलगा नाही. होता तो मेला." अख्ख्या देशाने ऐकलं. त्या दिवसापासून आईने तुझं नाव घेतलेलं नाही. भिंतीवरचे फोटो उतरवले. तुझी मालिका लागली की ती उठून मागे जायची, आणि मागच्या खिडकीतून टीव्ही नीट दिसतो हे आम्हाला माहीत नाही असं समजायची.

तुझ्या सुईबिंगला लेखकांनी आधी जपानला धाडलं, धंद्यासाठी. कुणा भलत्याची पाठ दाखवायचे आणि फोनवर "आई, मी ठीक आहे" म्हणायचे. आवाज अगदी बेडकासारखा. शेवटी त्यांचाही धीर सुटला. छिंगमिंगच्या आधीच्या आठवड्यात त्यांनी तुला गाडीखाली मारलं.

मी बघत होते. पांढरी फुलं, मधोमध काळी फीत लावलेला तुझा फोटो. तोसुद्धा पहिल्या वर्षीचा, गाल भरलेले होते तेव्हाचा. तुझी मालिकेतली बायको ऊर बडवतेय, सगळे रांगेने उदबत्ती लावतायत. तेवढ्यात मागून आवाज आला.

"त्याला लाल पाकीट दिलं का यांनी?"

आई दारात उभी होती, हात ओले.

तूच तर आम्हाला हे शिकवलं होतंस. तुझी पहिली भूमिका, शवपेटीत पडून राहायची. घरी येऊन ऐटीत सांगितलंस की जिवंत नटाला मेलेला दाखवला, त्याच्या फोटोला उदबत्ती लावली, तर निर्मात्याने त्याला लाल पाकीट द्यायचंच. नाहीतर अरिष्ट खरंच येतं. आणि पाकिटातल्या पैशांचं त्याने स्वतः काहीतरी घेऊन त्याच दिवशी खायचं. आईने तुला दुकानात पिटाळलं होतं, आणि तू तीळगुळाच्या वड्या संपवेपर्यंत समोर बसून राहिली होती.

"आई, तो तिथे आत आहे, त्याला कोण पाकीट देणार?" मी म्हटलं.

"म्हणजे नाही दिलं." एवढं बोलून ती आत गेली आणि चांगला झगा काढून इस्त्री करायला बसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तैपेईला. स्टुडिओच्या फाटकावर एक चुणचुणीत मुलगी आली, कानात यंत्र. "आजी, ते आता आमच्याकडे कामाला नाहीत."

"कामाला नाही, मग त्याचा फोटो का कामाला लावलात?"

मुलगी आत पळाली. मग निर्माता आला, घाम पुसत. म्हणाला, "मावशी, तो रिवाज हजर असलेल्या नटासाठी असतो. शिवाय तुम्हीच तर टीव्हीवर म्हणाला होतात की..."

त्याने वाक्य पुरं केलं नाही. आ-हियोंग, मी आईचा हात धरला होता. तो लाकडासारखा झाला. आजूबाजूला माणसं जमली होती, दोघातिघांनी फोन वर धरले होते. मला वाटलं, आता ही कोसळणार.

"मी म्हणाले," आई म्हणाली. "मी आई आहे. रागाच्या भरात आई वाटेल ते बोलेल. तुम्ही कोण लागून गेलात त्याला मारणारे? माझा मुलगा जिवंत आहे! ऐकू येतंय का? जिवंत आहे माझा मुलगा!"

असं ओरडली की रस्त्यापलीकडचा शेवयावाला बाहेर आला. तुझी ती मालिकेतली बायको सुतकाच्या पांढऱ्या कपड्यांतच धावत आली आणि आईच्या गळ्यात पडून खरंखुरं रडली. निर्मात्याने पाकीट आणलं, दोन्ही हातांनी दिलं, कमरेत वाकला. आईने फोटोही मागून घेतला. फाटकातच काळी फीत ओरबाडून काढली, चौकट तिथेच टाकली, आणि गाडीत अख्खा रस्ता तुझा चेहरा छातीशी धरून बसली. आता तू फ्रिजच्या दारावर आहेस, माशांच्या दुकानाच्या कॅलेंडरशेजारी. चौकटीशिवाय. चौकटीत मेलेले असतात, म्हणते.

आता जे तुला सांगायचं नाही असं तिने बजावलंय ते सांगते. तीनदा तू मला परत पाठवलंस, तेव्हा मी एकटी नव्हते. आई फाटकासमोरच्या टपरीत बसलेली असायची. सूप मागवायची, ते निवायचं. मी बाहेर आले की विचारायची, "नाही म्हणाला?" मी हो म्हणायचे. "बरं. जाड झालाय की वाळलाय, कुणी काही बोललं का?" मग बसभर खिडकीबाहेर बघत राहायची. मला वाटायचं हिला राग आहे. राग कसला! तिला तुझ्यासमोर यायची लाज वाटत होती.

मंगळवारी पुन्हा येतोय. ती या वेळी आत यायचं म्हणतेय, पण तू बोलावलंस तरच. तुला वाटतं तुझ्या जाण्याने तिची सुटका होईल. टीव्हीतला खोटा मुलगा मेला तर तिने स्टुडिओ डोक्यावर घेतला, तू गेलास तर ती काय करील हे मला लिहवत नाही.

पाकिटातले पैसे तिथे हातात देत नाहीत, तुझ्या खात्यावर भरतात, तसे भरू. त्याच दिवशी तुरुंगातल्या दुकानातून काहीतरी घे आणि खा. हे दुसऱ्या कुणाला तुझ्या वतीने करता येत नाही. मी विचारलं होतं आईला, मी खाल्लं तर चालेल का. नाही म्हणाली.

ती माफी मागणार नाही, तिला येत नाही. काचेपलीकडून फोन कानाला लावेल आणि विचारेल, "जेवलास का?" तिच्याशी या वेळी खोटं बोलू नकोस. आमच्या येण्याआधी दोन घास खाऊन घे, म्हणजे तुला हो म्हणता येईल.

जिवंत भावाची बहीण,
ग्योक-लान