काढून टाकल्यानंतरचा एक दिवस

प्रिय मास्तर,

फोन उचलत नाहीस म्हणून हे लिहितेय. इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर बसून तुझं ज्ञान ऐकलं, आता निमूट माझं ऐक. वहिनींकडून कळलं की नवी नोकरी ठरलीय, पण इथल्या अनुभवाच्या दाखल्यावाचून अडलीय. आणि दाखला इथे चौकशीत अडकलाय. काढून टाकलेला माणूस आत शिरलाच कसा, याची चौकशी.

ऑफिसात अजून तुझीच चर्चा आहे. कंपनीने पहाटे मेल पाठवून काढलं आणि हा पठ्ठ्या संध्याकाळपर्यंत काम करत बसला. काढलेल्या बाकीच्यांनी उठल्याउठल्या मेल वाचला, रडले, भांडले. तू घरचा मेल उघडणार सणासुदीला. दाराशी कार्ड चालेना, तर तुला वाटलं कार्डच बिघडलं. भलती शंका तुझ्या मनाला शिवलीसुद्धा नाही. कशी शिवणार? आपण एक कुटुंब आहोत, असं दर शुक्रवारच्या सभेत ऐकवायचे आणि टाळ्या वाजवण्यात तू सगळ्यांच्या पुढे. मला तेव्हाही तुझा राग यायचा.

त्यात त्या दिवशी ग्राहकांची खाती उघडत नव्हती आणि सगळा मजला हवालदिल झाला होता. तुझा पासवर्ड चालेना, तेही तू त्याच बिघाडाच्या खात्यात टाकलंस. मग नव्या पोरांच्या खुर्च्यांमागे उभा राहून, जेवणखाण विसरून, एकेक ओळ सांगत बसलास. खाती उघडली तेव्हा साहेबांनीही टाळ्या वाजवल्या. त्या थांबायच्या आत सुरक्षारक्षक तुला न्यायला आले आणि साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. मीही नुसती बघत राहिले. तू जाताना त्या पोरांना म्हणालास, रात्री एकदा पुन्हा तपासा. तुला कोपरापासून हात जोडावेसे वाटले.

आता मुद्द्याचं. काल चौकशीवाल्या बाईंनी मला बोलावून गोड आवाजात सांगितलं की तुमच्यावर काही नाही, ते तुमच्या नकळत पाठोपाठ घुसले, असं त्यांनी स्वतःच कबूल केलंय. अरे, नकळत? तुझ्या दोन्ही हातांत कॉफीचे कप होते, त्यातला एक माझा. माझ्या कार्डाने दार उघडून मीच ते धरलं आणि वर म्हणाले, कार्ड बदलून घे. दुसऱ्याला आत घेणाऱ्याची नोकरी जाते, हा नियम तुला पाठ. दारावरचा कॅमेरा बंद आहे, हेही ठाऊक. म्हणून स्वतःवर घुसखोरीचा शिक्का मारून घेतलास? घरात दोन पोरं आहेत, दाखला अडलाय, आणि हा शहाणपणा तुला सांगितला कुणी?

मी आज सकाळी जाऊन खरं सांगून आले. दार मी धरलं, नोकरी गेल्याचं त्याला माहीतच नव्हतं, असं लिहून सही केली. माझी नोकरी राहते की जाते, ते कळेल लवकरच. उद्या ते तुला पुन्हा विचारतील. खरं तेच सांग आणि दाखला घेऊन मोकळा हो. मला वाचवायला पुन्हा खोटं बोललास, तर आयुष्यात तुझं तोंड बघणार नाही. आणि फोन उचल रे. मला भीती वाटतेय.

तुझ्यावर भयंकर चिडलेली, तरी तुझीच,
शेजारीण