दोन डॅशबोर्ड आणि एक सरपंचकी

चि. गोपाल यास,

देऊळघाटहून ताईचे आशीर्वाद. तुझी कंबर आता कशी आहे? करिष्माला म्हणावं, नवऱ्याला विटेनं शेक दे, नुसत्या मलमानं भागत नाही. इकडे सगळे खुशाल. फक्त हे (म्हणजे तुझे भाऊजी, भगवानराव) परवापासून माझ्याशी बोलत नाहीत, त्यामुळे घरात जरा निवांत आहे.

झालं असं, की बचत गटाच्या सांडगे-पापडांचं फेसबुक अन् इन्स्टाग्राम मीच पाहते. त्यात यांनी सरपंचकीला उभं राहायचं ठरवलं आणि त्यांचंही पान माझ्याच गळ्यात आलं. सगळं एका जागेवरून टाकता यावं म्हणून मी दोन डॅशबोर्ड फुकटच्या मुदतीवर घेऊन पाहिले. एक निळा. दिसायला सुटसुटीत, पण कोणता मजकूर कोणत्या पानावर जाणार ते कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरांत. दुसरा प्रत्येक वेळी 'नक्की टाकायचं ना?' विचारतो (अगदी आपल्या आईसारखा). मी वैतागून निळ्यावर काम उरकलं.

सकाळी यांच्या हात जोडलेल्या फोटोखाली मजकूर होता, 'कडक उन्हात वाळवलेले, तेलात पडताच फुलणारे.' आणि गटाच्या पानावर, माझ्या फोटोखाली, 'गावाच्या विकासासाठी मलाच निवडून द्या.' चहाच्या टपरीवर लोक यांना विचारायला लागले, "भगवानराव, किलोनं देता का नगानं?"

हे तणतणत घरी आले. "साऱ्या गावात सांडगा करून ठेवला माहा! बाईमाणसाले जमते का हे?"

ते मला लागलं रे. मी चष्मा लावला आणि दोन्ही डॅशबोर्ड शेजारी शेजारी उघडून बसले. कोण वेळेवर टाकतो, कोणात मराठी अक्षरं तुटतात, किती जणांनी पाहिलं ते कोण नीट दाखवतो, सगळं तपासलं. दुसराच सरस निघाला. इतक्यात दारात गोजरबाई, मागे गटाच्या साऱ्या बाया. मला वाटलं, भांडायला आल्या.

"काऊन वो कोकिळाबाई, उभी राहून राह्यली अन् आमाले सांगत नाही? आमचं मत तुलेच!"

खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं.

बाकी ठीक. जड उचलू नकोस.

तुझी
कोकिळाताई

ता. क. अर्ज कालच भरला. चार चांगल्या घोषणा लिहून पाठव. भाऊजींना सांगू नकोस, बोलायला लागले की मीच सांगेन.

आणखी एक. दुसरा डॅशबोर्ड मी माझ्या प्रचारासाठी घेतला. यांचाही प्रचार मीच करणार आहे, शब्द दिलाय. तो निळ्यावरूनच करीन म्हणते.