रस्त्यात गेलेलं घर

॥ श्री ॥

बोरिवली,
ता. ९ जानेवारी १९६६

ती. सौ. शेवंतीताईस,
धाकट्या वनमालाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. तुमच्याकडची खुशाली कळून महिना झाला, म्हणून आधी रागवायचं ठरवलं होतं. पण बातमी पोटात राहत नाही. ताई, आम्ही दहिसरला प्लॉट घेतोय! नदीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत. हे परवा इसार देऊन आले आणि मग मला सांगितलं. मी अजून जागा पाहिलेली नाही. मला दाखवा म्हटलं, तर म्हणाले की नुसतं गवत आहे, पाहायचं काय त्यात. खरेदीखत एप्रिलात आहे. तोपर्यंत पाय मागे घ्यायची मुभा आहे.

बैठं घर बांधायचं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे पडवी. भावोजी आर्किटेक्टच्या ऑफिसात आहेत. रोज नकाशे त्यांच्या हाताखालून जातात. आमचा प्लॅन दुसऱ्या कुणी काढलेला मला चालणार नाही. त्यांना सांग, मेहुणीचं काम आहे, टाळायचं नाही. स्वयंपाकघर कसं असावं ते मला सुचत नाही गं. भाड्याच्या घरात आहे त्यात भागवायची सवय झाली.

मुलांना गोड पापा. तुझी माया आहे तशी राहू दे.

तुझी,
वनमाला

॥ श्री ॥

घाटकोपर,
ता. १७ जानेवारी १९६६

चि. सौ. वनमालास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. आनंद झाला. किती झाला ते विचारू नकोस. तुझं लहानपणापासून असंच आहे. आये मला नवं परकर-पोलकं शिवायची, ते मी अंगावर विटेपर्यंत घालायचे, तुझ्या वाट्याला येईपर्यंत त्याच्या चिंध्या व्हायच्या, म्हणून तुलाही पुन्हा नवंच! आणि शेजारणी म्हणायच्या, धाकटी बिचारी.

यांना तुझा निरोप सांगितला. खूश झाले. म्हणाले, बऱ्याच दिवसांत असं काम आलं नाही. दोन-तीन वर्षांमागे ऑफिसात दहा नकाशे मंजुरीला जायचे, त्यातले सात-आठ बैठ्या घरांचे असायचे. पडवी, विहीर, मागे केळीला जागा. आता सगळे तीन मजली, चार मजली, ओनरशिपचे ब्लॉक. मुलुंडला तर बंगलेवाले स्वतःच बंगला पाडायचे अर्ज घेऊन येतात म्हणे. अजून पाच वर्षांनी एकट्याचं घर मागायला कुणी येणार नाही, असं यांचं मत. तेव्हा तुमचा नंबर शेवटून लागला म्हणायचा.

आम्ही सात माणसं दहा बाय बाराच्या खोलीत मजेत आहोत. घाटकोपरातल्या निम्म्या घरांच्या भिंती यांनी आखल्या, पण आमच्या चार भिंतींतल्या तीन शेजाऱ्यांबरोबर वाटून घेतलेल्या. सोनूबाईकडे खिळा ठोकला की आमच्याकडचा आरसा पडतो. असो.

स्वयंपाकघराचं हे बघतील. चंद्रप्रकाशरावांना नमस्कार सांग. जपून राहा.

तुझी,
ताई

॥ श्री ॥

बोरिवली,
ता. २ मार्च १९६६

ती. सौ. ताईस,
वनमालाचा शि. सा. न. वि. वि.

भावोजींनी पाठवलेला नकाशा मिळाला. मी तो दारामागे टाचण्यांनी लावला आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला मी माझं स्वयंपाकघर दाखवते. उभ्यानं काम करायचा ओटा पूर्वेच्या खिडकीखाली, डबे ठेवायला हात पोचेल एवढ्याच उंचीची फळी, आणि भांडी घासायला मागच्या अंगाला वेगळं दार, म्हणजे पुढे पाहुणे बसले तरी बाईमाणसाला अवघडायला नको. भावोजींना हे सुचलं कसं? पुरुषाला कसं कळतं गं, आपल्याला वाकताना कुठे दुखतं ते?

एक शंका आहे. बाजूच्या प्लॉटचे गुणाजी पाटील म्हणतात की तो रस्ता रुंद होणार, शहराच्या नव्या आराखड्यात तशी रेघ आहे असं त्यांच्या कानावर आलंय. हे म्हणतात, गुणाजी घाबरट आहे. तरी भावोजींनी एकदा आराखडा डोळ्यांखालून घालावा. त्यांचा शब्द आला की खरेदीखत करू. नाहीतर इसार सोडून देऊ, दुसरीकडे बघू. यांनी तेवढं कबूल केलंय.

उत्तर लवकर लिही. आठवण ठेव.

तुझी,
वनमाला

॥ श्री ॥

घाटकोपर,
ता. २६ मार्च १९६६

चि. सौ. वनमालास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे गावी गेले आहेत. सासूबाईंनी अंथरूण धरलंय, महिनाभर तरी येणं नाही. जाण्यापूर्वी यांनी तुझं काम केलं. काळजीचं काही नाही. खरेदीखत करून घ्या.

इकडे उन्हाळा फार. आमच्या चाळीत पाणी पहाटे एकदाच येतं. यंदा कुरडया घातल्या त्या बऱ्या झाल्या, थोड्या तुला पाठवीन. सोनूबाईच्या शेवग्याला शेंगा आल्यात. धाकट्याचा दात पडला. आणखी काय लिहू? लिहायला बसलं की काही सुचत नाही.

तुझी,
ताई

॥ श्री ॥

बोरिवली,
ता. ११ जुलै १९६६

ती. सौ. ताईस,
वनमालाचा नमस्कार.

म्युनिसिपालिटीतून प्लॅन परत आला. नकाशावर आमच्या पडवीतून आणि पुढच्या खोलीतून तांबडी रेघ मारली आहे. रेघेच्या अलीकडची जागा रस्त्यात जाणार. मागे उरते त्यात चारी बाजूंनी मोकळी जागा सोडली तर घर बसतच नाही. म्हणजे जागा आमची, पण तिच्यावर आम्ही काही बांधू शकत नाही. खिडकीतल्या साहेबांनी यांना शांतपणे सांगितलं की ही रेघ नवी नाही, विचारलं असतं तर कुणीही दाखवली असती.

ताई, मग भावोजींनी काय पाहिलं? मी यांना सांगून पाहिलं की माणसाची नजरचूक होते. हे ऐकत नाहीत. म्हणतात, त्यांनी बघितलंच नसेल, गावी जायच्या घाईत नुसतं हो म्हटलं असेल. सोमवारी हे भावोजींच्या ऑफिसात जाऊन त्यांच्या साहेबांना सगळं सांगणार आहेत. ज्याला आराखडा वाचता येत नाही त्याला नकाशे काढायला का ठेवलंय, असं विचारणार आहेत. मी अडवलं तर माझ्यावरच ओरडले. आम्ही घराचं स्वप्न बघितलं ते भावोजींच्या शब्दावर, हे खरंच आहे ना?

दारामागचा नकाशा मी काढला नाही. काढवत नाही.

वनमाला

॥ श्री ॥

घाटकोपर,
ता. १६ जुलै १९६६

चि. वनमाला,

पोस्टानं सोमवारपर्यंत पोचेल याची खात्री नाही, म्हणून हे पत्र चाळीतल्या काशीरामच्या हाती देते. आधी शेवटपर्यंत वाच, मग चंद्रप्रकाशरावांना वाचून दाखव. गाळू नकोस.

यांची चूक नाही. यांनी आराखडा पाहिला होता. गाडी पकडायला निघताना दारात उभं राहून मला म्हणाले की जागा रस्त्यात जाते, वनमालाला आजच पत्र टाक, खरेदी करू नका म्हणावं. मी हो म्हटलं. पाच दिवस मी पत्र लिहिलं नाही. सहाव्या दिवशी लिहिलं ते तुझ्याकडे आहे. हे मे महिन्यात परतले तेव्हा खरेदी झाली होती. त्यांना मी सांगितलं की मी कळवलं होतं, पण चंद्रप्रकाशरावांनी ऐकलं नाही. म्हणून त्यांनी तुम्हाला काही लिहिलं नाही. त्यांना वाटतं, तुम्ही त्यांचा शब्द मानला नाहीत. तेही मनातून दुखावलेत.

का केलं, हे तू विचारशील. तुझं स्वयंपाकघर मला बघवलं नाही गं. ते माझं होतं. हे जमिनीवर फळा टाकून तुझा नकाशा काढत होते तेव्हा प्रत्येक रेघेला मला विचारायचे. ओटा कुठे हवा? फळी केवढ्यावर? तुझा हात कुठवर पोचतो? मला उभं करून त्यांनी हाताचं माप घेतलं. मागचं दारही मी सांगितलं. अकरा वर्षं मी शेगडीपुढे उकिडवी बसून ज्या ज्या गोष्टी मनात मांडल्या त्या सगळ्या त्यांनी सुंदर रेघांत काढल्या आणि वर नाव लिहिलं सौ. वनमालाचं. मग तुझं पत्र आलं, भावोजींना हे सुचलं कसं. त्या दिवशी मला तू नकोशी झालीस. वाटलं, नको होऊ दे हिचं घर. एवढंच वाटलं होतं. तुमची जागा अशी अडकेल हे डोक्यात नव्हतं, असंही म्हणवत नाही. होतं.

हे सगळं मी काल यांना सांगितलं. कालपासून हे माझ्याशी बोललेले नाहीत. माझं काय व्हायचं ते होवो. यांच्या नोकरीला हात लावू नका.

तुझ्याकडे काही मागायला तोंड नाही.

शेवंती

॥ श्री ॥

बोरिवली,
ता. ४ नोव्हेंबर १९७०

ती. सौ. ताईस,
वनमालाचा नमस्कार.

चार वर्षांनी लिहिते आहे. आयेच्या बाराव्याला आपण समोरासमोर बसलो, तू मला भात वाढलास, मी बास म्हटलं. तेवढंच काय ते बोलणं.

कामाचं आधी. आमच्या रांगेतल्या सगळ्यांच्याच जागेवरून ती रेघ जाते. गुणाजी पाटलांनी पुढाकार घेऊन सगळे प्लॉट एकत्र करायचं ठरवलंय. पुढचा पट्टा रस्त्याला द्यायचा, त्याच्या बदल्यात मागे तेवढं जास्त बांधू देतात असा नियम आहे. तीन मजली इमारत, ओनरशिपचे ब्लॉक. भावोजी म्हणाले होते तसंच झालं, एकट्याचं घर मागायला आता कुणी जात नाही. पण सोसायटी नोंदवायला दहा कुटुंबं लागतात. आमची नऊ आहेत. दहावं नाव मी तुझं दिलंय.

घाईनं नाही म्हणू नकोस. त्या वेळी तुझं पत्र मी यांना पूर्ण वाचून दाखवलं. हे सोमवारी गेले नाहीत. पण तुझं नाव घरात काढायचं नाही असं ठरलं, आणि मीही ते पाळलं. सगळ्यांना वाटलं, जागा गेली म्हणून मी रागावले आहे. ते खरं नव्हतं. ताई, तुझ्या पत्रात एक ओळ होती, भावोजींनी उभं करून तुझ्या हाताचं माप घेतलं. ती वाचून माझ्या अंगाची लाही झाली. मला कुणी कधी विचारलं, माझा हात कुठवर पोचतो? जागासुद्धा मला न दाखवता घेतली. एका खोलीत राहून तुझ्याकडे ते होतं, आणि तू माझा हेवा करत होतीस! चार वर्षं मी त्याच रागात होते. हे यांना सांगता येत नाही, म्हणून तुला सांगते.

दहावं नाव देताना मी यांना विचारलं नाही. सभेतच उठून सांगितलं. हे माझ्याकडे बघत राहिले. मग गुणाजींनी लिहून घेतलं.

प्लॅन भावोजींनी काढावा असा सगळ्यांचा आग्रह आहे. पंधरा दिवसांत सही हवी.

वनमाला

॥ श्री ॥

घाटकोपर,
ता. १९ ऑगस्ट १९७१

चि. सौ. वनमालास,
ताईचे आशीर्वाद.

प्लॅन पास झाला हे तुला गुणाजींकडून कळलंच असेल. यांनी मंजुरीचा कागद घरी आणला तेव्हा मुलांनी तो हातोहात फिरवला. मी हात धुऊन मगच धरला.

परवा सभेत ब्लॉकच्या चिठ्ठ्या निघाल्या, तेव्हापासून माझं मन ठिकाणावर नाही. मला रस्त्याकडचा पहिला मजला निघाला आणि तुला नदीकडचा दुसरा. तुझा चेहरा उजळला, तो मी पाहिला. तू मुलांना सांगत होतीस की आपल्याकडे वारा येणार, नदी दिसणार. मी तुझ्याशेजारी उभी राहून हसत होते. घरी आल्यावर जेवण गेलं नाही. पाच वर्षांत मी काही शिकले असं वाटत होतं. काही शिकले नाही गं.

आता दुसरं. आज दुपारी हे ऑफिसातून आले ते तुझ्या बाजूच्या जागेची बातमी घेऊन. नदीकडची ती मोकळी जागा विकली गेली. तिथे चार मजल्यांच्या इमारतीचा अर्ज त्यांच्याच ऑफिसातून गेला आहे आणि अडायचं काही कारण दिसत नाही. दोन वर्षांत तुझ्या खिडक्यांसमोर भिंत उभी राहील. नदी दिसणार नाही, वाराही बेताचाच. माझ्या बाजूला रस्ता आहे. तो साठ फुटी होणार, म्हणजे समोर कधी काही उभं राहायचं नाही.

हे सांगत होते तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. तुझ्याशी खोटं कशाला बोलू. मग यांनी पाणी मागितलं, ते दिलं, आणि लिहायला बसले. आजच कळलं, आजच लिहिते आहे. संध्याकाळच्या टपालात पडेल.

आदलाबदल करायची असेल तर शनिवारच्या सभेपूर्वी सांग, नंतर नावं पक्की होतील. मी ब्लॉक बदलून देईन. यांनाही तसं सांगितलंय. पण मी हसत हसत देईन असं मात्र समजू नकोस.

चंद्रप्रकाशरावांना नमस्कार. भांडायचं असेल तर पत्रात नको, घरी ये.

तुझी,
ताई