साठ रुपयाला एक ‘हाव’

५ मार्च, गुरु.
अकरावर गाडी अडली ती अडलीच. वर्षाच्या बारा पॉलिसी झाल्या नाहीत तर ३१ ला माझा एजंट कोड बंद. नऊ वर्षांचं काम, जुन्या पॉलिसींवरचं कमिशन, सगळं त्या कोडलाच टांगलेलं. माहेर झालं, सासर झालं, नवऱ्याच्या, मिलिंदच्या शाळेतले शिक्षक झाले, मैत्रिणींच्या जावासुद्धा झाल्या. परवा लग्नात मामीशेजारी ताट घेऊन बसले तर मामीला एकदम आठवलं की नवरीकडं काम आहे.
आमच्या विमा ऑफिसातले पाटील साहेब म्हणाले, “सुजाता मॅडम, एका पॉलिसीसाठी काय रडता? लीड विकत घ्या. समदे घेऊन राहिले.” लीड म्हणजे विमा हवा असणाऱ्यांचे फोन नंबर; ते विकणाऱ्या लातूरच्या एकाचा नंबर दिला.

७ मार्च, शनि.
नांदेडहून पहाटेच्या गाडीनं लातूर. ट्यूशनच्या बोर्डांच्या जंगलात तिसऱ्या मजल्यावर हा डेटावाला. आधी क्लासवाल्यांना बारावीच्या पोरांचे नंबर विकायचा, आता आम्हाला आमचीच गिऱ्हाइकं विकतो. दोन भाव. शिळे नंबर पंधराला एक, ताजे साठला एक. मेथीच्या जुडीचंही असंच असतं, पण ती निदान हातात घेऊन बघता येते.
“यांनी सोता बटन दाबलंय मॅडम, विमा पाहिजे म्हणून. तुमी निस्ता फोन लावा.”
शंभर ताजे घेतले. सहा हजार. मिलिंदचा तीन महिन्यांचा पगार एकदम आला होता (शाळा विनाअनुदानित, येतो हेच नवल), त्यातले. त्याला तीन हजार सांगितले.

९ मार्च, सोम.
काय दिवस गेला! वीस फोन, चौदा होकार. “विमा पाहिजे का?” म्हटलं की पलीकडून “हाव! पाहिजे की!” एक काका म्हणाले, “बाई, तुमचीच वाट बघून राहिलो होतो.” नऊ वर्षांत विम्याच्या कामात हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. वहीत प्रत्येक ‘हाव’पुढं लाल टिक. बारावी पॉलिसी काय, बावीस होतील.
आनंदात मिलिंदला खरा आकडा सांगून टाकला. त्यानं उठून चहा केला.

१० मार्च
कागदपत्रांसाठी परत फोन लावायला बसले. पहिलाच रेणापूरकडचा माणूस. आधार कार्ड लागेल म्हटलं.
“आधार दिलं की. सातबारा दिला. पेरा लावला. आता कवा पडणार तेवढं सांगा.”
“काय पडणार?”
“विमा!”
पीक विमा. अरे देवा. सोयाबीन पाण्यात गेलं त्याचा. गावात विमा म्हणजे तोच, दुसरा नाही. आणि तो ‘काढत’ नाहीत, तो खात्यात ‘पडतो’. चौदाच्या चौदा जण तेच विचारत होते आणि मी टिका मारत बसले होते.
इस्लापूरच्या एकानं ती जाहिरात पाठवली. हिरवंगार शेत आणि वर, ‘तुमचा विमा मिळाला का? नाव-नंबर टाका.’ टाकणारच ना! जन्म नांदेडात गेला माझा, आणि एवढं कळू नये. हसले, मग मोरीत जाऊन रडले.

१२ मार्च
डेटावाल्याला झापायला फोन केला. तो शांत. “विमाच म्हणले ना ते? पिकाचा का माणसाचा, हे मी कुठं लिहून दिलं?” पैसे परत नाहीत. फार तर पंधरा नंबर बदलून देतो, तेही शिळ्यातले.
बाकीचे नंबर लावले. माहूरचा प्रसादाचा दुकानदार: “पाचवा फोन हाय बाई हा. तुमी समदे मिळून एकच माणूस धाडा.” म्हणजे हीच यादी आणखी चौघांना विकली आहे. उदगीरचा एक जण तर एजंटच निघाला. तोही अकरावर अडकलेला. “ताई, तुमच्याकडं लीड हायेत का?” दोघंही हसलो. ठेवताना त्यानं जयभीम घातला, मीही घातला. दिवसातलं तेवढंच बरं बोलणं.

१७ मार्च
यादीतल्या बाकीच्यांना मी फोन करते, कौसाबाई मला करतात. रोज, सकाळी आठच्या आत. रेणापूरच्या पलीकडचं गाव. वय एक्कावन्न, आवाजावरून सत्तर. नवरा नाही, एक मुलगी, तीन एकर रान.
“सुजाताबाई, पडला का वो?”
मी तो विमा देत नाही, माझा माणसांचा, हे चार दिवस सांगतेय. “बरं बरं. पर तुमी विम्याच्याच न्हवं? वर सायबाच्या कानावर घाला की.”
मिलिंद म्हणतो नंबर ब्लॉक कर. करवत नाही. खरं सांगायचं तर सध्या मला आपणहून फोन करणारी ती एकच बाई आहे.

२३ मार्च, सोम.
आठ दिवस राहिले. शंभरातून शून्य. साहेबांना कौसाबाईंची गंमत सांगितली, ती सांगायलाच नको होती. ते खुर्चीत सरळ झाले. “रोज फोन करती म्हंजे गरम लीड हाय मॅडम! तिचीच काढून टाका ना.”
आणि आज सकाळी कौसाबाईच म्हणाल्या, “तुमचा बी एखादा फारम आसंल तर भरू. समदे भरले, तेवढाच ऱ्हायला आसंल, म्हणून अडकलंय.”
नाही म्हणाले मी. स्पष्ट नाही म्हणाले. मग दिवसभर त्याच ‘नाही’चा पश्चात्ताप करत बसले. लाज वाटते लिहायला, पण वाटला.

२७ मार्च, शुक्र.
गेले. मिलिंदला म्हटलं, बाई फोनवर ऐकत नाहीत, समोर बसून समजावते. त्यानं माझ्या पिशवीकडं बघितलं. फॉर्म पिशवीत होता.
लातूर, रेणापूर, पुढं वडापची जीप. पत्र्याचं घर, दारात म्हैस. माझ्यासाठी शेजारून कपबशी आणली. काळा सडपातळ जीव, हातात हिरव्या बांगड्या नाहीत, पण मनगटावर त्यांचा जुना वण आहे.
तीनदा सांगितलं. शपथेवर लिहिते, तीनदा. हा पिकाचा नाही. सरकारचा नाही. दर वर्षी पैसे तुम्हीच भरायचे. तुमचं काही बरंवाईट झालं तर मुलीला मिळतील.
त्यांनी फॉर्म उलटसुलट करून बघितला. मग, “म्हंजी मी मेल्यावर?”
“हो.”
“आन मरणाचं मातर पडतंय? नक्की?”
“पडतं.”
“मग ऱ्हावू द्या. काढा. जित्या माणसाचं तर काय पडंना.”
म्हणजे समजलं त्यांना, असं मला वाटलं. मला वाटायला हवंच होतं. ज्वारीच्या डब्यातून फडक्यात बांधलेला हप्ता काढला, सही केली. एकेक अक्षर थांबून, नवऱ्याच्या नावाशी अडखळत.
फाट्यावर पोचवायला आल्या. गाडी दिसायला लागली तेव्हा माझा दंड धरून हळूच म्हणाल्या, “आता तुमचा बी भरला. मग त्ये अडकलेलं सुटंल न्हवं?”
मी तोंड उघडलं. गाडी थांबली. मी चढले.

२८ मार्च, शनि.
फॉर्म जमा केला. साहेबांनी पेढा दिला. बारा. आता फक्त कंपनीचा फोन जायचा राहिला गिऱ्हाइकाला, खात्री करायला: पॉलिसी समजली का, स्वतःच्या मर्जीनं घेतली का. तो झाला की पॉलिसी पक्की.
“सगळ्याला होय म्हणायचं, हे शिकवून आल्या ना?”
धंद्यात आल्यावर पहिलं हेच शिकवतात. फोनवरची पोरगी काहीही विचारू दे, होय म्हणा. आधीच्या अकराही जणांना मीच शिकवलं होतं, आणि त्यात मला कधी पाप दिसलं नाही, कारण त्यांना माहीत होतं काय घेतलंय. कौसाबाईंना नाही शिकवलं. विसरले नव्हते.
साहेबांना म्हटलं, हो, शिकवलं.

२९ मार्च, रवि.
आज आठला फोन आला नाही. नऊला नाही. सुटका वाटायला हवी होती, तर मीच मोबाईल हातात घेऊन बसलेली. मिलिंदला फाट्यावरचं सगळं सांगितलं. म्हणाला, “पैसे परत करून ये.” म्हटलं, आणि कोड? तर म्हणाला, “ते मला इचारू नको. मी कुठं कमावून राहिलो एवढं.” दोघंही बरोबर बोलत होतो आणि काहीच निघत नव्हतं.

३१ मार्च, मंगळ. ऑफिसात, ३:४०
दुपारी कंपनीच्या पोरीचा फोन कौसाबाईंना लागला होता. त्या रानात होत्या, काही कळेना, म्हणून “मागून करा” म्हणाल्या. चारला परत लावणार. आजचा तोच शेवटचा. नाही लागला किंवा त्या चुकीचं बोलल्या तर पॉलिसी रद्द, आणि पाचला माझा कोड.
पोरीचा फोन आल्याचं मला कौसाबाईंनीच फोन करून सांगितलं. मग म्हणाल्या, “ती इचारती, कशापायी विमा घेतला म्हणून. काय सांगू? तुमी सांगाल तसं म्हणते बाई. तुमचं नुकसान व्हाया नगं.”
माझं.
पाच मिनिटांत सांगते म्हटलं आणि ठेवला. होय म्हणा म्हणाले तर त्या होय म्हणतील. तुमचं अडकलेलं यानं सुटणार नाही, नाही म्हणून टाका, असं सांगितलं तर नाही म्हणतील. काहीही झालं तरी त्यांच्या तोंडून मीच बोलणार. साहेब काचेतून अंगठा दाखवून विचारताहेत, झालं का. मान कशी हलवायची तेही सुचेना. दोनदा नंबर लावला, रिंग जायच्या आत तोडला.
३:५२. कौसाबाईंचाच फोन वाजतोय.