बाबांचा मळा

प्रिय ठकू,

पत्र बघून फेकून देऊ नकोस, आधी वाच आणि मग काय रागवायचं ते रागव. माझ्या डोक्याचा नुसता भुगा झालाय. रबराची झाडं म्हातारी झाली म्हणून कंपनी सगळी तोडणार आहे, आपली कामगारांची चाळही पाडणार आहे. बाबांना पुढच्या आठवड्यात मी माझ्याकडे आणतेय. त्यांची कॉट खिडकीशी लावली, मग वाटलं वारा लागेल, म्हणून आत ओढली, तर आता दारच उघडत नाही. तुझ्या भावोजींनी कपाळाला हात लावला.

त्यात परवा वर्गात एकीनं विचारलं, बाई, मळा म्हणजे काय? मी ऐटीत सांगितलं, भाजीपाला लावून पाणी देतात तो मळा, फळं-फुलं असतात ती बाग, पेरून कापतात ते शेत. तर म्हणते, मग आमचे बाबा रबराच्या झाडांचा चीक काढायचे ते काय? घ्या! तिथे पेरणी नाही, कापणी नाही, फळ कोणी खात नाही. लागवड म्हणावं तर ते झाडं लावण्याचं काम झालं. शेवटी चहाचा मळा म्हणतो तसा रबराचाही मळाच, असं सांगून वेळ मारून नेली. पण घरी येईपर्यंत मलाच ते पटेना. मळा म्हटलं की कुणाचा तरी घरचा वाटतो. आपला कुठे होता गं?

तुझं आणि बाबांचं याच्यावरूनच तर फाटलं. प्लँटेशन म्हटलेलं त्यांना खपायचं नाही, कचेरीतला शब्द कचेरीत ठेवा म्हणायचे. ज्याला झाडांची जी रांग मिळाली ती जन्मभर त्याची, सालीला चीर पाडून चीक त्यानंच काढायचा, दुसऱ्याची सुरी तिला लागायची नाही. बाबा तापानं पडले तेव्हा शेजारचे काका दारात उभं राहून विचारून गेले होते, तुझी रांग आज कापू का? आणि तू बाबांना सरळ म्हणालीस, एक झाड आपल्या नावावर नाही, उद्या हाकलून देतील, मळा कसला डोंबलाचा! बाबांनी सुरी आपटली, तू बॅग भरलीस आणि मी मधे बावळटासारखी उभी. तुझं ऐकलं की तुझं पटायचं, त्यांचं ऐकलं की त्यांचं. मी जन्माची तळ्यात-मळ्यात, तुला माहीतच आहे.

चीक गोळा करणं कंपनीनं केव्हाच बंद केलंय. तरी बाबा उजाडायच्या आत जाऊन आपली रांग कापत होते. झाडांना बांधलेल्या वाट्या चिकानं भरून खाली सांडायच्या, न्यायला कोणी नाही. मी ओरडले तर म्हणाले, झाडाला सवय असते.

सामान बांधायला मी कालपासून चाळीत बाबांकडे आहे. काल कंपनीचे साहेब इथे आले. मला वाटलं, आता बाबा त्यांना फाडून खाणार. मी पदर खोचून तयारच होते. तर बाबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, साहेब, प्लँटेशन तुमचं, सांगाल तेव्हा निघतो. बस, एवढंच. साहेब खूश होऊन गेले. आज बाबा रांगेवर गेले नाहीत, चहा तसाच गार झाला, खुर्चीत बसून आहेत. भांडण न होता सगळं पार पडलं, मला बरं वाटायला हवं ना? मग सकाळपासून मला रडू का येतंय, मलाच कळत नाही. तुझं म्हणणं शब्दन् शब्द खरं निघालं, ठकू. तरी ये. त्यांच्यासमोर उभी राहा आणि पूर्वीसारखी भांड, मळा कसला म्हणून विचार, त्यांना चिडव. चिडले की तरी ते आपला मळा म्हणतील. मला नाही गं भांडता येत.

तुझीच,
ताई