रोग्यांची आमराई

मुक्काम कारंजे, गावाबाहेर
फाल्गुन वद्य पंचमी, शके १८२९

चिरंजीव जगदेव यास थोरली बहीण सोजरबाईचे आशीर्वाद. अक्षर उकंडराव मास्तरांचं आहे. मी बोलून राह्यली, ते लिहून राह्यले. त्यायले बजावलं, माह्या तोंडचं जसंच्या तसं लिहा, शाळेतली भाषा नको.

अकोल्याच्या कापसाच्या जिनातून रजा काढून बायकोले, पंचफुलेले, न्याले येतो म्हणून तू कळवलं. येऊ नको, बापा. नाक्यावर शिपाई बसले आहेत. पलेगानं उंदीर पडाले लागले तसं सारं गाव उठवून उघड्या वावरात आणलं. तुराट्यांच्या झोपड्या, खाली काळी ढेकळं, झाड म्हणशीन तर औषधाले नाही. गोमतीबाई पाण्याच्या घागरीवरून सख्ख्या जावेच्या अंगावर धावली. हरिसिंग एवढा थट्टेखोर माणूस, पण दिवसभर गुडघ्यात मान घालून बसते. नाल्यापलीकडं आमराई आहे, सारे तिकडंच डोळे लावून असतात. पण ती सरकारनं रोग्यायसाठी ठेवली. धडधाकट माणसाले ऊन, अन् सावली पाहिजे तर आधी आजारी पडा! आग लागो असल्या न्यायाले!

पंचफुला दोन जिवाची. दुपारी घेरी येऊन पडे. तिनं काय केलं, ऐक. डाक्तर ताप पाहाले आला तवा बगलेत कांदा दाबून उन्हात बसली. अंग तापलं. डाक्तरानं हात लावला अन् आमराईत धाडलं. जाताना माह्याकडं पाहून डोळा मारला पोरीनं. मले सारं ठाऊक होतं, जगदेव. मी हासू दाबलं अन् चूप राह्यली. वाटलं, तिले जराक थंडावा भेटन.

सुरुवातीले नाल्यापलीकडून हाक मारे, "बाई, इथं लय झोप लागते जी!" मंग हाक बंद झाली. माह्या जिवाचं पाणी झालं. शिपाई ओरडत राह्यला, मी नाला ओलांडून आत गेली. तिच्या जांघेत गाठ आली होती. आत आलेल्याले बाहेर सोडत नाहीत, म्हणून मी बी इथंच आहे. मास्तर कुंपणापलीकडं बसले आहेत.

आता ते थांबले. विचारतात, पुढचं लिहू काय? लिहा म्हटलं, कधीतरी लिहाच लागन.

पंचफुला परवा गेली. पोटातलं तिच्यासंगच गेलं. शेवटी तुहं नाव घेत होती, मंग तेही समजेनासं झालं.

तुले राग येईन. येऊ दे. मले शिव्या घाल, जन्मभर माहं तोंड पाहू नको. पण जे करायचं ते अकोल्यातूनच कर. तुहा सुभाव मले ठाऊक आहे, तू आला की ती जिथं पडली होती तिथं जाऊन बसशीन, कोणाच्या बापाचं ऐकणार नाही. अन् या झाडायखाली आलेलं माणूस घरी जाताना म्या अजून पाह्यलं नाही. आईच्या पोटचा तू एकच उरला रे.

तिले उचलाले कोणी पुरुष आत येईना. मास्तर कुंपणाशी रडले, पण त्यायले बी लेकरं आहेत. इथंच रोग्यायत असलेल्या कमलीबाईनं अंगात ताप असून पाय धरले, म्या डोक्याकडून धरलं, अन् नाल्याकाठी नेलं. बाईमाणूस असून अग्नी म्याच दिला. तुहं काम होतं, ते मी केलं. आता इथं तुहं काही काम उरलं नाही.

तुही बहीण
सोजर