ओवाळणीतलं अर्धं घर

पिंपळझरी, ता. हिंगणघाट, जि. वर्धा
६ ऑगस्ट २०२५

चि. जयास,

दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. आम्ही दोघं ठीक आहोत. यशोदेचे गुडघे कुरकुरतात, तीही कुरकुरते, दोन्ही चालू आहे. फोनवर तू बोललीस की मला गिरणी चालल्यासारखं ऐकू येतं. तोफखान्यातल्या नोकरीनं कान नेले, हात तेवढे ठेवले. म्हणून लिहितो.

परसात भेदरं भरपूर लागली आहेत, टमाट्यांची झाडं वाकली आहेत. जावईबापू बंडूजी वारल्यापासून तू इकडे फिरकली नाहीस, वर्ष उलटलं. यशोदा रोज विचारते की जया काऊन येत नाई. मी सांगतो, नातवंडांत रमली असेल.

आता कामाचं. आपल्या नगरपंचायतीनं घरं नव्यानं मोजली. एक पोरगा लाल उजेडाचं यंत्र घेऊन भिंतीकडे बघत उभा होता, तर यशोदेनं त्याला विचारलं की बापू, घर मोजून राह्यला का भिंतीचे फोटो काढून राह्यला. मोजणी झाली आणि पाठोपाठ नोटीस आली. माजी सैनिक म्हणून माझी घरपट्टी माफ होती, ती बंद. कारण काय, तर घर माझ्या एकट्याचं नाही, उताऱ्यावर तुझंही नाव आहे. तुझं नाव चढलं तेव्हापासूनची सगळी पट्टी दंडासकट भरा म्हणतात. दिवाळीपर्यंत निकाल लागला नाही तर जप्ती.

मला काही सुचेना. तुमच्या मध्यप्रदेशात हे कसं असतं? पांढुर्ण्याच्या घराचं सगळं तूच बघायचीस, म्हणून विचारतो. लगेच लिही. नातवंडांना पापे. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
चंद्रभानदादा

इंदूर
१७ ऑगस्ट २०२५

ती. दादास,

जयाचा सा. न. वि. वि. तुझं पत्र पांढुर्ण्याहून फिरून इथे आलं. मी सध्या रजतकडे आहे. शेजारच्या रूपरावांनी पाकीट पुढे पाठवलं, भला माणूस. इथे मुलगा-सून मजेत. काजलची नोकरी, मुलांच्या शाळा, मला तर काही कामच उरलेलं नाही.

तुझी नोटीस वाचून आधी हसूच आलं. गोळ्यांना न भ्यालेला माणूस नगरपंचायतीच्या कागदाला भ्याला! अरे, आमच्याकडे सरळ हिशेब आहे. मालक स्वतः घरात राहत असेल तर पट्टी निम्मी. आणि कोणी मोजायला येत नाही, आपणच वर्षाला अर्ज भरायचा, आपणच लिहायचं की घर एवढं, राहणारी मी. बंडूजी नुसते सही करायचे, बाकी मीच लिहायची. त्या एका ओळीचा मला भारी रुबाब वाटायचा.

तेव्हा तूही तसाच अर्ज दे. लिही की आम्ही दोघं नवरा-बायको निवृत्तीपासून याच घरात राहतो. नोटिशीच्या मागे धावू नको, उगाच हरकती घेऊन बाबू लोकांना चिडवू नको. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला कोणी बाहेर काढत नाही, दादा.

भेदरं ऐकून तोंडाला पाणी सुटलं. वहिनीला नमस्कार. मला पत्र इंदूरच्याच पत्त्यावर टाक. लोभ कमी करू नये.

तुझी,
जया

पिंपळझरी
९ सप्टेंबर २०२५

चि. जयास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. महालक्ष्म्या पार पडल्या. तुझ्या हातचं आंबील नव्हतं, यशोदेनं केलं ते पातळ झालं. तसं सांगितलं तर जेवायलाच बसेना.

तू सांगितलंस तसा अर्ज दिला. बाबूनं तो शेजारच्या टेबलावर दाखवला, तिथून पुढच्या टेबलावर गेला आणि सगळे हसले. मग मला बसवून मोठ्यानं, अख्ख्या कचेरीला ऐकू जाईल असं समजावलं की काकाजी, तुमी सांगून राह्यले तो मध्यप्रदेशचा कायदा हाय, इथं घरमालक घरात राह्यला म्हणून निम्मी सूट नाई. इथे फौजीला माफी आहे, पण घर फौजीचं पाहिजे. आणि हरकत घ्यायची मुदत त्या अर्जाच्या नादात निघून गेली. तुझा दोष नाही. मीच डोळे झाकून ऐकलं, नेहमीसारखं.

त्यानं एक वाट सांगितली. तुझं नाव निघालं तर माफी पुन्हा लागेल आणि मागची पट्टीही काढून टाकायला तो साहेबांकडे कागद पाठवेल. म्हणजे हिंगणघाटला निबंधकाच्या कचेरीत येऊन तू हक्कसोडपत्र लिहून द्यायचं.

जया, बाबा गेले त्या वर्षीच्या भाऊबीजेला तू ओवाळलंस आणि मी ताटात घराचा नवा उतारा ठेवला. गल्ली हसली होती. लोक बहिणीला साडी देऊन नाव काढून घेतात, यानं नाव घालून दिलं. आम्हाला मूलबाळ नाही, वाटलं निदान तू तरी हक्कानं येशील. तीच ओवाळणी आज परत मागतो आहे. मला याची लाज वाटते. पण यशोदेचं हे असं चालणं, म्हातारपणी कुठे भाड्यानं जाऊ?

दसऱ्याच्या आत ये. आशीर्वाद आहेतच.

तुझा,
दादा

इंदूर
२२ सप्टेंबर २०२५

ती. दादास,

सा. न. वि. वि. पत्र पोचलं. वाचून ठेवलं आणि परत वाचलं.

मी येते. पण लगेच जमेल असं दिसत नाही. काजलची आई आजारी आहे, ती इथे येणार, मग घरात माणूस लागतं. रजतलाही सुट्टी नाही. दसऱ्यानंतर बघते.

दादा, दुसरी काही वाट नाहीच का? खाली बाकावर एक अण्णाजी बसतात, कचेरीतून निवृत्त झालेले, मूळचे तेलंगणातले. त्यांना विचारलं की भाऊ-बहीण दोघांच्या नावावर घर असेल आणि भाऊ फौजी असेल तर काय करतात. ते म्हणाले की आमच्याकडे वेगळं, इथे वेगळं, महाराष्ट्रात आणखी वेगळं, बाई तुम्ही कोणत्या राज्याच्या ते आधी ठरवा. मी हसले. पण मग जेवण गेलं नाही. तुझ्या हिश्शापुरती माफी आणि माझ्या हिश्शाची पट्टी मी भरायची, असं होत नसेल का? विचारून बघ ना. एवढं कर.

वहिनीला म्हणावं गरम पाण्यानं शेक. आंबिलाला कण्या जास्त भिजवायच्या असतात. लोभ आहेच, तो असाच असावा.

तुझी,
जया

पिंपळझरी
४ ऑक्टोबर २०२५

चि. जयास,

आशीर्वाद. दसरा झाला. तू आली नाहीस.

हिश्शापुरती माफी होत नाही. विचारलं, पुन्हा हसू करून घेतलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी नोटीस दारावर चिकटवली. सोनं द्यायला आलेली माणसं आपट्याची पानं हातात धरून आधी ती वाचत होती. वडनेरच्या पाहुण्यानं तर चष्मा काढून पुसून वाचली. बत्तीस वर्षं वर्दी घातली, कोणाची एक काडी घेतली नाही, आणि दारावर जप्तीचा कागद. यशोदा मागच्या दारानं ये-जा करते. रात्रंदिवस रडते आणि मला ऐकू येत नाही म्हणून बरं, असं म्हणते.

तुला स्पष्ट लिहितो. इंदूरला फ्लॅट आहे, पांढुर्ण्याला घर आहे, कमावता मुलगा आहे. अशा बाईला पिंपळझरीच्या अर्ध्या घराचा एवढा मोह कशाला? सही करायला एवढे दिवस लागत नाहीत. मी मागितलं नव्हतं तेव्हा दिलं होतं. आता मागतो आहे तर तुझ्या घरी रोज नवा आजार निघतो.

यशोदा म्हणते हे पत्र टाकू नका. मी टाकतो आहे.

चंद्रभान

इंदूर
११ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र मिळालं. रागावले नाही. मंगळवारी निघते, बुधवारी हिंगणघाटला कचेरीत सही करते. कागद तयार ठेव.

पण येण्याआधी तुला एक गोष्ट कळली पाहिजे आणि ती लिहूनच सांगावी लागेल. तुझ्या कानाशी ओरडून सांगितली तर अख्खी गल्ली ऐकेल. वहिनीला फोनवर सांगता आली असती, पण भावजयीकडे जागा मागायची नसते, ती भावाकडे मागायची असते.

पांढुर्ण्याचं घर आता नाही. बंडूजींच्या वर्षश्राद्धाच्या आधीच विकलं. रजत म्हणाला की आई, तू एकटी कशाला राहतेस, इथे मोठी जागा घेऊ, सगळे एकत्र राहू. मी सही केली. जागा घेतली ती काजलच्या नावावर. मी हॉलमध्ये पडद्यामागे झोपते. दिवाळीनंतर तिचे आई-वडील कायमचे येत आहेत. रजतनं माझ्याकडे न बघता सांगितलं की आई, तुझी काही सोय बघ. माझ्या पोटचा पोरगा, दादा. त्याला एवढंही वाटलं नाही की सोय कुठे बघायची.

मला मोह नव्हता. भीती होती. एक सही केली आणि घरातून गेले, आता दुसरी करायला हात उचलेना. आनंदाबाई आत्या आठवते ना? साडी घेऊन हक्क सोडला, विधवा होऊन परत आली आणि भावजयीला, म्हणजे आपल्या आईला, विचारल्याशिवाय चहाला आधण ठेवायची नाही. मला तसं जगायचं नाही. पण तुला आणि वहिनीला रस्त्यावर आणून मी कुठल्या तोंडानं त्या घरात राहू? म्हणून सही करणार.

तू माफी मागू नको, काही समजावू नको. मी आल्यावर फक्त एवढं म्हण की जया, राह्य. तेवढ्यावर मी राहीन. काही बोलला नाहीस तर मी समजेन की मला ठेवणं वहिनीला आणि तुला जमत नाही, आणि परत निघेन. मनात काही ठेवणार नाही.

लोभ असू दे, दादा. आता तो फार लागतो आहे.

तुझी,
जया

पिंपळझरी
१८ ऑक्टोबर २०२५

चि. जयास,

जया, तुझं पत्र काल आलं. सही बुधवारी झाली आणि पत्र शुक्रवारी आलं. पोस्टमननं हातात दिलं तेव्हा मला वाटलं, पोचल्याचं लिहिलं असशील. मी ओट्यावर उभ्यानं वाचलं आणि तिथेच बसलो.

बुधवारी सहीला येते, एवढंच तू यशोदेला फोनवर कळवलं होतंस, म्हणून कागद तयार होते; तू समोर होतीस तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी रागातच होतो. आधीच्या पत्रात जे बोललो त्याची शरम होती, म्हणून जास्तच ताठ होतो. निबंधकानं तुला विचारलं की राजीखुशीनं देता का. तू माझ्याकडे पाहिलंस. मी कागदाकडे पाहत होतो. जेवताना तू माझ्या कानाशी येऊन विचारलंस की पत्र मिळालं का. मी मान हलवली. मला वाटलं, सप्टेंबरचं विचारतेस. त्यानंतर तू ताट तसंच सरकवलंस. यशोदा म्हणाली की जयाबाई, दोन दिवस तरी राह्यजा. तू म्हणालीस, दादा काही बोलत नाही. मी ते ऐकलंच नाही. तिनं मला काल सांगितलं.

मग मी रीत म्हणून साडी दिली. तू ती कपाळाला लावलीस. आणि मी, तुझा भाऊ, तुला घाई करत होतो की चल, नागपूरची गाडी चुकेल. पिशवी मीच उचलली. सहीपुरती आलेली बाई एवढी मोठी पिशवी कशाला आणते, हेही माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्याच हातानं तुला डब्यात बसवलं.

तू समजलीस की पत्र वाचूनही मी गप्प राहिलो. जया, मी वाचलं नव्हतं. बाबांची शपथ, वाचलं नव्हतं.

यशोदेनं लगेच तुझा फोन लावला, तो बंद आहे. रजतला लावला. तो म्हणाला की आई तर तुमच्याकडेच आहे ना, ती राहायला म्हणून गेली. आम्ही समजत होतो तू तिकडे आहेस, तो समजत होता तू इकडे. त्याला मी काही बोललो नाही, बोलायला मी कोण उरलो? रूपरावांना फोन केला. ते म्हणाले की गुरुवारी एक बाई जुन्या घरासमोर उभी दिसली, जया वाटली, हाक मारेपर्यंत गेली होती.

नगरपंचायतीतून बाबू आला होता. घरपट्टी माफ झाली, मागचीही निघेल म्हणाला. दारावरचा कागद त्यानं स्वतः काढला. घर आता माझ्या एकट्याचं आहे. यशोदेनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? तीन प्रती केल्या आहेत. एक रजतकडे, एक रूपरावांकडे, एक खिशात. तुझं नाव पुन्हा चढवायला सांगून आलो आहे. बाबू म्हणाला की मग माफी जाईल. म्हटलं, जाऊ दे. पण ते पुढचं. आधी तू सापड. मी उद्या सकाळच्या गाडीनं पांढुर्ण्याला येतो आहे, तिथे नसलीस तर पुढे जाईन. यशोदा घरीच थांबेल, कारण तू आलीस आणि दार बंद दिसलं, असं व्हायला नको.

आशीर्वाद द्यायचा अधिकार मला उरला असेल तर आशीर्वाद. जया, राह्य.

तुझा,
दादा